इंदूची सकाळची फेरी

नगरा, झाशी
९ नोव्हेंबर २०२३

प्रिय दादा,

फोनवर वहिनींना मी दर वेळी विचारते, दादा कसा आहे, आणि त्या म्हणतात, बरे आहेत. एवढ्यानं माझं भागत नाही. तुझे कान गेले, मोबाइलवरची अक्षरं वाचायचा तुला कंटाळा, मग आपण बोलायचं कसं? म्हणून काल पोस्टातून दहा लिफाफे आणले. खिडकीवरचा भैया हसला. म्हणाला, "अम्माजी, अब चिट्ठी कौन लिखता है?" मी सांगितलं, माझा भाऊ तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, इंजिनाच्या आवाजानं बहिरा झालाय, त्याला लिहायचंय. तर त्यानं तिकिटंसुद्धा स्वतःच चिकटवून दिली.

बातमी अशी की माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशनच्या आधी रेल्वेच्या अस्पतालात रक्त तपासलं, त्यात तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी निघाली ६.२. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, "शुगर नहीं है अम्मा, पर दरवाज़े पर खड़ी है." पाच पूर्णांक सातच्या खाली असेल तर निवांत, साडेसहाला गेली की मधुमेह, आणि मी मधे. गोळी सध्या नको म्हणाल्या. रोज चालायचं, पाच किलो वजन उतरवायचं, गोड आणि मैदा कमी. सहा महिन्यांत, वर्षात पुन्हा तपासू.

म्हणजे झालेली नाही. आबांना होती, आत्याला होती, मला वाटलं माझाही नंबर लागला. देवापुढे साखर ठेवली. मयुरा म्हणते, सासूबाई, साखर कशाला ठेवता, पण तिला काय, सुनांना काळजी करायची हौसच असते. बेसनाचे लाडू झाले, करंज्या उद्या.

हे गेल्यापासून दिवाळीला घर फार शांत असतं. पराग ड्यूटीवर, रेवा शेजारी खेळायला. भाऊबीजेला मी गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळते. हे आठवं वर्ष. तू कसा दिसतोस ते सुद्धा मला आता फोटो बघून आठवावं लागतं.

तुझी
इंदू


कराड
२० नोव्हेंबर २०२३

चि. इंदू,

पत्र मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, काका, बँकेचं नाही, माणसाचं आहे. तीन वेळा वाचलं.

लाडू शेजारी देऊन टाक. मी चेष्टा करत नाही. साखर दारात उभी आहे असं ती डॉक्टर पोरगी म्हणाली ना, मग तू करंज्या तळत काय बसलीस? झालेली नाही म्हणून आनंद करू नकोस. झालेली नाही म्हणूनच काहीतरी करता येईल. एकदा झाली की मग फक्त सांभाळत बसायचं.

उद्यापासून सकाळी चालायचं. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग वाढव. आणि मला लिहायचं. नुसतं "चालले" असं नको. माझी फेरी संपली की मी जसं डेपोत सांगायचो, कुठून सुटली, कुठे थांबली, कोण चढलं, कोण उतरलं, तसं. तुझ्या लग्नाला आलो तेव्हा झाशीचं स्टेशन पाहिलं आणि मांडव पाहिला. एवढ्या वर्षांत तू कुठल्या रस्त्यानं जातेस-येतेस ते मला माहीतच नाही.

मी ठीक आहे. ऑगस्टात थोडा ताप येऊन गेला. भानू बरी आहे. अमित पुण्याहून महिन्याकाठी येतो, खुर्चीत बसून दिवसभर कॉम्प्युटर बघतो आणि जातो.

आशीर्वाद.
दादा


नगरा, झाशी
१८ डिसेंबर २०२३

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. मग लाडवांचा डबा रामकलीकडे नेऊन दिला. रामकली म्हणजे आमच्या मागच्या दारची. माहेर चिरगाँवचं, नवरा ह्यांच्याबरोबर वर्कशॉपात होता. तिनं विचारलं, का देतेस, तर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो हमऊं चलहैं." म्हणजे मीपण येणार.

आता फेरी ऐक. सात वाजता निघतो, त्याआधी धुक्यात पुढचं माणूस दिसत नाही. गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची सायकल. मग मारुतीचं देऊळ, तिथला पुजारी रोज आम्हाला बघून घड्याळ बघतो. पुढे कचोरी-जलेबीचं दुकान. दादा, तिथून जाणं फार कठीण. कढईतून जलेबी निघते आणि थंडीत तो वास नाकात नाही, पोटात जातो. रामकली माझा हात धरून पलीकडे नेते, जसं लहान मुलाला रस्ता ओलांडून द्यावा. पहिल्या दिवशी पिंपळापर्यंतच गेले आणि गुडघा धरून बसले. आता रेल्वेच्या कुंपणापर्यंत जाते आणि परत, पस्तीस मिनिटं.

कुंपणाशी मी थोडी थांबते. भोपाळकडे जाणारी गाडी धुक्यातून निघते, डबे मोजते. ह्याच रुळांनी पुढे पुढे गेलं की तू आहेस. रामकली विचारते, काय बघतेस. मी सांगते, काही नाही, दम घेते.

रोज टहलायला जायचं म्हटलं की आता मला बरं वाटतं. दादा, फेब्रुवारीत मी येऊ का? ऑपरेशन व्यवस्थित झालं, डोळा स्वच्छ झालाय. त्या डोळ्यानं तुला बघायचंय. परागला पास मिळतो, तो सोडायला येईल. रेवा मला म्हणते, "आजी, आपके भाई सच में हैं क्या?" तिला मराठी कळतं सगळं, पण उत्तर हिंदीत. मी म्हटलं, आहे, आणि फार रागीट आहे.

तुझी
इंदू


कराड
२ जानेवारी २०२४

चि. इंदू,

टहलायला नाही, फिरायला. चाळीस वर्षांत तिकडची झालीस पार.

तुझी फेरी झकास झाली, पण अर्धी सांगितलीस. पिंपळापासून कुंपणापर्यंत काय आहे? रस्ता डांबरी की कच्चा? चढ कुठे लागतो? परत येताना ऊन तोंडावर असतं की पाठीवर? दमतो तो उजवा पाय की डावा? हे सगळं लिही. मला कामधंदा नाही, वाचायला वेळ आहे.

आणि चप्पल घालून जात असशील तर बंद कर. चांगले बूट घे, मोजे घाल. घरी आलीस की तळपाय उलटे करून बघ, खडा टोचलाय का, कातडं निघालंय का. रोज बघ. हसू नकोस.

फेब्रुवारीत नको येऊस. घरात फरशी बदलायला काढलीय, सगळीकडे धूळ आणि गवंडी. तुझी कुठे सोय करणार? नंतर बघू.

दादा


नगरा, झाशी
४ मार्च २०२४

प्रिय दादा,

उशीर झाला, पण फेऱ्या चुकवल्या नाहीत. संक्रांतीच्या आठवड्यात तीन दिवस चुकले, ते कबूल.

पिंपळापासून रस्ता कच्चा. डाव्या हाताला रेल्वेची जुनी क्वार्टरं, दोन-तीन रिकामी, त्यांच्या अंगणात लोक धणे लावतात. उजवीकडे पीठगिरणी. बबिन्याच्या छावणीकडे जाणारे फौजेचे ट्रक लांबून ऐकू येतात. चढ गिरणीपाशी, छोटासा, पण तिथेच आमच्या गप्पा बंद होतात. परत येताना ऊन तोंडावर. दमतो तो उजवा पाय. पांढरे बूट घेतले, साडीवर फार विचित्र दिसतात, देवळाचा पुजारी म्हणाला, "अम्मा तो अब दौड़ेंगी."

जेवणाचं ऐक. गिरणीवाल्याकडून मी बिर्रा दळून आणते, म्हणजे गहू आणि हरभरा एकत्र. इकडच्या बुंदेली घरांत ह्याच पिठाच्या रोट्या करतात, रामकलीनं शिकवलं. दोन रोट्यांत पोट भरतं. ताटात अर्धी भाजी, उसळ, भात वाटीभर. चहात साखर सोडली. त्याचं दुःख मात्र आठ दिवस माणूस गेल्यासारखं होतं. आता कोणी गोड चहा दिला तर घशाखाली जात नाही.

वजन ७४ होतं, ७१ झालं. हौसेनं मागच्या आठवड्यात रक्त तपासून आले. ६.१. दादा, एवढं सगळं करून इतकाच फरक. मी तिथेच रडवेली झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बढ़ी नहीं, यही बड़ी बात है. आप घर में बैठी रहतीं तो ऊपर जाती." आई-वडिलांकडून आलेलं बदलता येत नाही, बाकीचं आपल्या हातात आहे, म्हणाल्या.

तुझी फरशी झाली असेल. एप्रिलमध्ये येते. एक विचारायचं राहिलंय, ते लिहूनच विचारता येईल. आई गेली तेव्हा माझी गाडी धुक्यात चौदा तास अडकली आणि मी पोचले तोवर तुम्ही नदीवरून परत आला होतात. तू मला काही बोलला नाहीस. नंतरही कधी नाही. तुला त्याचा राग आहे का? असेल तर सांग. आठ वर्षं मी तेच धरून बसलेय.

तुझी
इंदू


कराड
१५ मार्च २०२४

चि. इंदू,

६.१ म्हणजे उतरली आहे. सोडू नकोस.

एप्रिलमध्येही जमणार नाही. अमितकडे पुण्याला जायचं घाटतंय, किती दिवस ते नक्की नाही. उन्हाळ्याचा प्रवास तुलाही झेपणार नाही. पुढे बघू.

गिरणीच्या चढावर घाई करू नकोस.

दादा


नगरा, झाशी
३० मार्च २०२४

दादा,

मी वहिनींना फोन केला होता. पुण्याला जायचं काही ठरलेलं नाही, त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं. फरशीही तीच जुनी आहे.

आईबद्दल मी एवढं विचारलं, त्यावर तू एक ओळ लिहिली नाहीस. मला काय समजायचं ते समजले.

होळीला खव्याच्या गुजिया खाल्ल्या. मोजल्या नाहीत. आठ दिवस फिरायला गेले नाही. कोणासाठी जायचं, असं वाटतं. तू म्हणतोस म्हणून जात होते, नाहीतर साठी उलटलेल्या बाईनं पांढरे बूट घालून गल्लीतून फिरायचं, ह्यात कसली शोभा.

आता मी काही दिवस लिहिणार नाही.

इंदू


कराड
१२ जून २०२४

पाकिटावर सौ. मयुराचं नाव घातलंय, म्हणजे ह्यांच्या नजरेस पडलं तरी शंका येणार नाही.

वन्सं, नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. फोनवर सांगायला जावं तर हे समोर बसलेले असतात. ऐकू येत नसलं तरी माझं तोंड बघून ह्यांना सगळं कळतं. आणि मला शपथ घातलेली आहे. ती आज मोडते.

ह्यांना चार वर्षांपासून साखर आहे. मागच्या ऑगस्टात तुम्हाला ताप म्हणून सांगितलं, तो ताप नव्हता. उजव्या पायाला चपलेतला खडा लागला होता. तळव्याला संवेदनाच उरली नव्हती, म्हणून ह्यांना कळलं नाही. जखम चिघळली. पुढचं अर्धं पाऊल काढावं लागलं, पाचही बोटांसकट. दोन महिने दवाखान्यात होते.

तेव्हापासून हे घराबाहेर पडलेले नाहीत. वॉकर आहे, खास बूट करून दिलाय, डॉक्टर सांगतात चाला, पण लोक बघतील म्हणून अंगणातसुद्धा जात नाहीत. अमित आला की पायावर चादर ओढतात. मोजा कधी काढत नाहीत. तुम्ही याल म्हटल्यावर ह्यांची जी घालमेल झाली ती मी पाहिली आहे. इंदूनं मला धावत बसमध्ये चढताना पाहिलंय, तिनं हे बघायचं नाही, असं म्हणाले.

तुमचं पत्र यायचं त्या दिवशी हे वेगळेच असायचे. खाटेवर बसून वाचायचे आणि बोटानं चादरीवर रस्ता काढायचे. इथे देऊळ, इथे गिरणी, इथे चढ. मला दाखवायचे. तुमच्या पायांनी फिरत होते, दुसरं काय म्हणू. मार्चनंतर पत्र नाही. तीन महिने रोज पोस्टमनच्या वेळेला दाराकडे बघतात. जेवण कमी झालंय. औषध विसरतात.

तुमचं चालणं सुरू आहे का? नसेल तर सुरू करा. आणि ह्यांना लिहा.

भानुमती


नगरा, झाशी
२० जून २०२४

दादा,

वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी लिहिलं म्हणून मला कळलं. मयुरानं काय झालं विचारलं तेव्हा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, सून असून तिनं मला मुलीसारखं थोपटलं.

तू मला तळपाय बघायला सांगत होतास आणि मी रामकलीला वाचून दाखवून हसत होते. ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तू दवाखान्यात होतास तेव्हा मी इथे श्रावणातल्या पुरणाचा घाट घालत होते. ज्या दिवशी तुझा पाय गेला त्या दिवशी मी काय करत होते, ते आठवायचा प्रयत्न करतेय. आठवत नाही. कुठलाही साधा दिवस असेल.

जवळजवळ तीन महिने मी चालले नाही. वजन दोन किलो परत आलं. काल पहाटे पाचला बूट घातले, इथे सातनंतर रस्त्यावर पाय ठेवता येत नाही इतकं तापतं. कचोरीवाल्याचं दुकान अजून बंद होतं. पिंपळाखाली एक म्हातारा घोंगडी अंथरून झोपला होता, त्याच्या उशाशी मातीचा घडा. क्वार्टरांच्या अंगणातले धणे जळून गेले. गिरणीच्या चढावर दम लागला, थांबले, आणि मग तुझ्यासाठी म्हणून चढले. रामकली मागून माझा पदर सरळ करत राहिली.

मी तुझ्या पायाबद्दल काही विचारत नाही. तुला सांगायचं असेल तर सांग.

इंदू


कराड
२ जुलै २०२४

चि. इंदू,

सांगतो. हे पत्र चार दिवस लिहितोय.

२०१७ साली, मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी, इथे तपासणीचं शिबिर होतं. फुकट होतं म्हणून गेलो. माझा आकडा आला ६.२. तुझ्या पहिल्या पत्रात तो आकडा वाचला तेव्हा ती ओळ मी तीन वेळा वाचली. तोच आकडा, दशांशसुद्धा तोच. तिथल्या डॉक्टरनं मला समोर बसवून सगळं समजावलं. चाला, वजन उतरवा, सहा महिन्यांनी या. मला कोणी सांगितलं नाही असं म्हणायची सोय नाही. नीट सांगितलं होतं.

मी घरी येऊन भानूला म्हटलं, काही नाही, झालेली नाही. कागद पेटीत टाकला. तीस वर्षं उभ्यानं, चालत्या गाडीत नोकरी केली, आता मला कोण चालायला सांगतो, असं डोक्यात होतं. संध्याकाळी मित्रांबरोबर भजी आणि चहा, दुपारी झोप. पुन्हा तपासायला गेलो नाही, कारण काही दुखत नव्हतं. तीन वर्षांनी कोविडात दुसऱ्याच कारणासाठी रक्त काढलं तेव्हा अकराच्या वर होती. त्यानंतरही गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. पुढचं भानूनं लिहिलंच आहे.

खडा पायात दिवसभर होता, इंदू. दिवसभर मी त्यावर उभा होतो.

प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. माझ्याबरोबर शिबिरात आमच्या डेपोचा जयंत होता, त्याचाही आकडा असाच. त्यानं ऐकलं. आज तो नातवंडांना सायकलवरून शाळेत सोडतो. मी त्याला खिडकीतून जाताना बघतो आणि पडदा ओढतो.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, हिला तरी वाचवावं. चालण्याचं वर्णन मागितलं ते आधी तुझ्यासाठी. पण नंतर मला स्वतःलाच त्याची ओढ लागली. धुकं, जलेबी, गिरणी. रोज सकाळी जाग आल्यावर वाटायचं, आता इंदू पिंपळापाशी असेल.

आईचं. मला तुझा राग कधीच नव्हता. मी बोललो नाही, कारण आई शेवटी तुझं नाव घेत होती आणि मी तिला सांगत होतो, इंदू आली, दारातच आहे. ती त्या बोलण्यावर डोळे मिटून गेली. तुला हे सांगितलं तर तू कोसळशील असं वाटलं, म्हणून गप्प बसलो. आठ वर्षं तू ते वेगळंच समजून बसलीस. ह्यात माझी चूक आहे.

ये असं म्हणायचं धैर्य मला अजून होत नाही.

दादा


नगरा, झाशी
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र देवघरात ठेवलंय. "इंदू दारातच आहे" हे वाचून मी फार रडले, पण हलकी झाले. खोटं का होईना, आई मला भेटून गेली.

आता ऐक. काल रक्ताचा कागद मिळाला. ५.८. वजन ६८. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि नर्सला बोलावून दाखवले. अजून पूर्ण खाली नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. चालणं सोडलं तर पुन्हा वर जाईल, दर वर्षी तपासायचं, हे आता जन्मभराचं. मी म्हटलं, चालेल. रामकलीनंही तपासून घेतलं. तिचं सगळं ठीक निघालं, तिला थोडी निराशाच झाली, कारण तिला वाटलं आता माझ्याबरोबर यायला काही कारण उरलं नाही. मी सांगितलं, कारण लागत नाही.

२९ ऑक्टोबरला सकाळी मी कराडला उतरते. पराग सोडायला येतोय. ह्या वेळी विचारत नाही, कळवते. भाऊबीज आहे. मला तुला ओवाळायचंय, पायाला नाही.

तुझी
इंदू


कराड
२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

चि. इंदू,

पोचल्याचा परागचा निरोप भानूला मिळाला. तू गेल्यापासून घर नको इतकं मोठं झालंय. तुझ्या चहाचा कप भानू उगाच बाहेर काढते आणि परत ठेवते.

एक सांगायचं राहून गेलं. तू येणार त्या दिवशी मी रिक्षानं स्टेशनवर आलो, ते घरातून निघताना मी तीन वेळा परत फिरलो होतो. चौदा-पंधरा महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडत होतो. वाटत होतं, गाडीतून उतरशील आणि आधी खाली बघशील. तू खाली बघितलंच नाहीस. तू माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी म्हणालीस आणि मला कळलं नाही, तर पुन्हा सावकाश म्हणालीस, "किती म्हातारा झालास." एवढं बरं मला खूप दिवसांत कोणी काही बोललं नव्हतं.

नदीवर तू चालायचीस आणि मी बाकावर बसायचो, ते अठरा दिवस मी मोजून ठेवलेत. शेवटचे तीन दिवस वॉकर घेऊन बाकापासून घाटाच्या पायरीपर्यंत आलो, त्याला तू फेरी म्हणालीस. असू दे. ती मी अजून करतो. रोज एक.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

काल अमित आला. दिवाळीत तुझ्यासमोर तो लाडू खात होता, आठवतं? त्याच्या कंपनीत तपासणी झाली होती आणि कागद तेव्हाच त्याच्या बॅगेत होता. काल भानूला मिळाला. ६.३. वय एक्केचाळीस. मी विचारलं तर वहीत लिहून दाखवलं, "बाबा, अजून झालेली नाही. टेन्शन घेऊ नका."

इंदू, ते वाक्य मी माझ्याच तोंडून ऐकलेलं आहे.

मी भानूला बाहेर जायला सांगितलं. अमितला खाटेसमोर बसवलं. बूट काढला, मोजा काढला, आणि पाय त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो कधीच पाहिला नव्हता. मी पाहू दिला नव्हता, बाप म्हणून मला लाज वाटायची. त्यानं मान फिरवली. मी म्हटलं, बघ. त्यानं बघितलं. हात लाव म्हटलं, लावला. त्यानं विचारलं, "दुखतं?" ओठांवरून कळलं. मी म्हटलं, नाही. तेव्हाही दुखलं नव्हतं. तुलाही आत्ता काही दुखत नाहीये.

मग पेटीतून २०१७ चा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याच्या कागदाशेजारी धरून तो वाचत राहिला. पाय त्यानं मांडीवरून खाली ठेवू दिला नाही. लहानपणी मी त्याचे पाय असे धरून बसायचो, बूट घालताना.

रात्री तो जेवला आणि लवकर झोपला.

आज सकाळी उठलो तर त्याचं अंथरूण रिकामं. वाटलं, पुण्याला निघून गेला. बॅग जागेवर होती. दाराशी बघितलं, बूट नव्हते. भानू म्हणाली, सहाला उठला, नदीकडे कसं जायचं ते विचारून गेला. ह्या गावात वाढलेला मुलगा, त्यानं नदीची वाट विचारली.

तेव्हापासून मी दारात खुर्ची टाकून बसलोय. पडदा ओढलेला नाही, रस्त्यावरचे लोक बघतात, बघू देत. पाऊण तास झाला. तो अजून परतलेला नाही.

दादा